आधी बूट, मग पेडल

क्लिपलेस पेडल घ्यायचं मनात आलं की बहुतेक सायकलस्वार पेडलांचे फोटो, वजनं आणि किमती पाहायला लागतात. माझं सांगणं असं की सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. आपण सायकलवरून उतरून किती चालतो, कुठे चालतो, दिवसातून किती वेळा थांबतो याचा आधी विचार करा. त्यावरून बूट ठरवा आणि पेडल सगळ्यात शेवटी निवडा. या क्रमाने गेलं तर खर्च आटोक्यात राहतो, गुडघ्यांना त्रास होत नाही आणि हौसेने आणलेलं सामान दोन महिन्यांत माळ्यावर जात नाही. स्वस्त पेडल बहुधा निभावून नेतं. न जमणारा बूट मात्र सायकल चालवण्याची इच्छाच मारून टाकतो.

दोन घराणी

क्लिपलेस पेडलची रचना साधी आहे. बुटाच्या तळाला, चवड्याखाली, धातूची किंवा प्लास्टिकची एक छोटी पट्टी स्क्रूने बसवलेली असते. तिला क्लीट म्हणतात. पेडलमध्ये स्प्रिंगने ताणलेला जबडा असतो. क्लीटचं पुढचं टोक त्यात सरकवून पाय खाली दाबला की दार लोटल्यावर लॅच बसावा तशी ती खट्कन अडकते. सोडवताना टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. पाय सरळ वर किंवा मागे ओढला तर क्लीट सहसा सुटत नाही, आणि नवशिक्याची पहिली गडबड इथेच होते.

ही पेडलं येण्यापूर्वी शर्यतीतले सायकलस्वार पेडलला जोडलेल्या टो-क्लिपमध्ये पाऊल घालून वरून चामड्याचा पट्टा आवळत. उतरायचं झालं तर वाकून हाताने पट्टा सैल करावा लागे. इटलीच्या चिनेल्ली कंपनीने १९७० च्या सुमारास एम-७१ हे पेडल काढलं. त्यात टो-क्लिप आणि पट्टा गेला, बूट थेट पेडलला अडकू लागला, पण सोडवायला हाताने खटका सरकवणं आलंच. खरं उत्तर बर्फावरच्या खेळातून आलं. फ्रान्सची लुक ही कंपनी स्कीला बूट अडकवणारी बंधनं बनवत असे. स्की करणारा पडला आणि पाय पिरगळला तर बूट आपोआप सुटलाच पाहिजे, नाहीतर हाड मोडतं. वळवलं की सुटणारी तीच युक्ती लुकने १९८४ मध्ये सायकलच्या पेडलवर आणली. पुढच्याच वर्षी बर्नार इनो यांनी ही पेडलं वापरून आपली पाचवी तूर द फ्रान्स जिंकली. त्यानंतर काही वर्षांतच शर्यतींमधून टो-क्लिप आणि पट्टे दिसेनासे झाले.

लुकची ती क्लीट मोठी होती आणि तळाबाहेर आलेली होती. शर्यतीत त्याची अडचण नव्हती, कारण शर्यतीतला माणूस चालत नाही. माउंटन बाइकवाल्याला मात्र चालावं लागतं. चढ फार उभा असेल, वाटेत ओढा असेल, तर तो सायकल उचलून निघतो. त्याच्यासाठी जपानच्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये एसपीडी हा प्रकार आणला. त्यातली क्लीट लहान आणि पोलादी असते आणि बुटाच्या रबरी तळातल्या खाचेत बसते. त्यामुळे चालताना जमिनीला प्रामुख्याने रबर लागतं.

आजही बाजारात मुख्य निवड या दोन घराण्यांमध्येच आहे. बुटाच्या तळाला तीन भोकं असतील तर त्याला मोठी क्लीट लागते. लुकची कियो आणि शिमानोची एसपीडी-एसएल या त्यातल्या दोन मोठ्या जाती. दोन भोकं असतील तर त्याला एसपीडीसारखी लहान क्लीट बसते. क्रँक ब्रदर्सची पेडलं आणि टाइम कंपनीची माउंटन बाइकची पेडलंही दोन भोकांच्याच बुटावर चालतात. स्पीडप्ले चार भोकांवर बसतं, पण स्वस्तात काम भागवायचं असेल तर ते बाजूला ठेवलेलं बरं.

ऑफिसला जाणाऱ्या माणसाला सिग्नलला पाय टेकावा लागतो, पार्किंगमधून लिफ्टपर्यंत चालावं लागतं, वाटेत भाजी घ्यावी लागते. त्याची गरज शर्यतीतल्या सायकलस्वारापेक्षा डोंगरातल्या सायकलस्वाराच्या जवळची आहे. म्हणून त्याची सायकल ड्रॉप हँडलची, अगदी रोड बाइक असली, तरी त्याने दोन भोकांचं घराणं निवडावं असं मला ठामपणे वाटतं.

नेमका फायदा कोणता

क्लिपलेस पेडलविषयी सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘पाय वर ओढूनही ताकद लावता येते, म्हणून वेग वाढतो.’ थॉमस कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हेच तपासलं. त्यांनी सायकलस्वारांना नेहमीच्या पद्धतीने, गोल फिरवून, खाली दाबून आणि मुद्दाम वर ओढून अशा वेगवेगळ्या तऱ्हांनी पेडल मारायला लावलं. वर ओढताना बळ फेऱ्यात जास्त समान वाटलं गेलं, पण तेवढ्याच कामासाठी शरीराला ऊर्जा जास्त खर्चावी लागली. माणसाच्या मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू खाली ढकलण्यासाठी बनलेले आहेत. पाय वर उचलणारे स्नायू त्या मानाने दुबळे आहेत आणि लवकर थकतात.

म्हणून रोजच्या सपाट रस्त्यावर, एका लयीत जाताना फुकटचा वेग मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. फायदा दुसरीकडे आहे. पाय दर फेऱ्यात त्याच जागी राहतो. पावसात ओल्या पेडलवरून बूट घसरत नाही. पेडल वेगाने फिरत असताना किंवा खड्ड्यात दणका बसल्यावर पाऊल उडत नाही. उभं राहून चढ मारताना आणि जोर लावून सुटताना पाय पेडलला धरून राहतो. छोट्या, पूर्ण ताकदीच्या चढाच्या धावेत क्लिपलेस पेडल आणि सायकलचे कडक बूट वापरणाऱ्यांनी साध्या पेडल-बुटांपेक्षा जास्त ताकद काढल्याचं अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये दाखवलं. कात्रज किंवा खंबाटकीचा घाट चढणाऱ्याला, किंवा दिवसभर सायकलवर असणाऱ्याला हा स्थिरपणा मोलाचा वाटतो. रोज चार किलोमीटर गर्दीतून जाणाऱ्याला त्याची गरज भासेलच असं नाही. अशा माणसाने रुंद, खिळ्यांचं चांगलं फ्लॅट पेडल घेतलं तर त्यात काहीही कमीपणा नाही.

बूट कसा पाहायचा

बूट हातात घेतला की आधी तो उलटा करा. क्लीटची जागा रबरी कडांच्या आत, खाचेत असली पाहिजे. काही स्वस्त बुटांना दोन आणि तीन अशी दोन्ही प्रकारची भोकं असतात आणि दुकानदार हा दुहेरी फायदा म्हणून सांगतो. अशा बुटाचा तळ सपाट असेल तर दोन भोकांची पोलादी क्लीटही बाहेर येते आणि फरशीवर घसरते. म्हणजे लहान क्लीट घेण्याचं मुख्य कारणच निघून जातं.

दुसरी गोष्ट तळाचा कडकपणा. एसपीडीची क्लीट लहान असल्यामुळे सगळा दाब थोड्या जागेवर येतो. तळ मऊ असेल तर तासाभराने चवड्याखाली आग होते, बोटं बधिर होतात. फार कडक असेल तर चालताना पाऊल वाकत नाही. दोन्ही हातांनी बूट वाकवून पाहा. टाचेजवळ आणि मधल्या भागात तो ताठ राहायला हवा, बोटांच्या टोकाला किंचित लवला तर चालेल. कार्बनचा तळ रोजच्या वापरासाठी लागत नाही. नायलॉनचा पुरतो.

तिसरी गोष्ट माप. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय फुगतात आणि आपल्याकडच्या उन्हात सायकलवर ते आणखी फुगतात. प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा येतो, म्हणून नेहमीच्या बुटाच्या नंबरावर विसंबू नका. चवडा रुंद असेल तर नंबर वाढवण्याऐवजी तेच माप रुंद साच्यात मिळतं का ते विचारा. नंबर वाढवला तर टाच आत सरकत राहते आणि पेडलमधून सोडवताना बूट वळण्याआधी पाऊलच बुटात वळतं. नाडी असेल तर तिचं टोक खोचायला जागा हवी, नाहीतर ते साखळीच्या चाकात जातं.

खर्चाची वाटणी करताना पैशाचा मोठा वाटा बुटाला द्यावा आणि लहान वाटा पेडलला.

कोणतं पेडल

बूट ठरला की पेडलची निवड सोपी होते. दोन भोकांच्या घराण्यात शिमानोचं पीडी-एम ५२० हे अनेक वर्षं टिकून राहिलेलं साधं पेडल आहे. त्याला दोन्ही बाजूंनी जबडा असतो, त्यामुळे कोणती बाजू वर आहे हे पाहावं लागत नाही. सिग्नल सुटला, पाय ठेवला, अडकला. गर्दीत खाली न पाहता निघता येणं ही मोठी सुरक्षितता आहे. जोडीचं वजन साधारण ३८० ग्रॅम भरतं. याच कंपनीचं शर्यतीतलं महागडं एक्सटीआर पेडल ३१० ग्रॅमच्या आसपास येतं. हे ७० ग्रॅम वाचवायला कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. रोजच्या रस्त्यावर ते जाणवणारही नाहीत.

ज्यांना कधी सायकलचे बूट घालून तर कधी चपला घालून निघायचं असतं, त्यांच्यासाठी एका बाजूला जबडा आणि दुसऱ्या बाजूला सपाट अशी पेडलं मिळतात. शिमानोचं पीडी-ईएच ५०० हे त्यातलं उदाहरण. घरात एकच सायकल असेल आणि ती दोघं-तिघं वापरत असतील तर हा प्रकार फार सोयीचा पडतो. त्यात एक अडचण आहे: हवी ती बाजू दर वेळी वर येतेच असं नाही आणि पायाने पेडल उलटवावं लागतं. दर पाचशे मीटरवर सिग्नल असेल तर याचा कंटाळा येतो.

वेलगो आणि तिच्यासारख्या इतर कंपन्यांची पेडलं आणखी कमी पैशांत मिळतात आणि नवीन सायकलींसोबतही येतात. ती घ्यायला हरकत नाही. मात्र ज्या कंपनीचं पेडल, त्याच कंपनीने सांगितलेली क्लीट वापरा. दिसायला सारख्या क्लीट जबड्यात जराशा सैल किंवा जराशा घट्ट बसतात, आणि नेमकं सुटायला हवं तेव्हा सुटत नाहीत.

तीन भोकांचं घराणं कोणी घ्यावं? ज्यांची रोड बाइक सकाळी घरातून निघते आणि थेट घरीच परत येते, मध्ये चालणं जवळजवळ नसतं, त्यांनी. मोठ्या क्लीटमुळे दाब पसरतो आणि पाय भक्कम धरला जातो. त्यात शिमानोचं पीडी-आरएस ५०० आणि लुकचं कियो क्लासिक ३ ही सुरुवातीची चांगली पेडलं आहेत. ही पेडलं एकाच बाजूने अडकतात. मागची बाजू जड असल्याने ती पुढचं टोक वर करून लोंबतात. त्या टोकात क्लीट घालून पुढे दाबायचं, हे सवयीने जमतं. यातली क्लीट प्लास्टिकची असते आणि डांबरावर चालून झिजते, म्हणून तिच्यावर चढवायची रबरी टोपणं खिशात ठेवावीत आणि बदलायच्या क्लीटचा खर्च आधीच धरावा.

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी बीआरएम, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तासांची मुदत असते. वेगाला महत्त्व असूनही तिथे अनेक जण दोन भोकांचे बूट घालतात, कारण नियंत्रण केंद्रावर कार्डावर नोंद घ्यायला, ढाब्याच्या ओल्या फरशीवर आणि पंक्चर काढताना रस्त्याकडेच्या मातीत चालावं लागतं.

स्प्रिंग, फ्लोट आणि रंग

बहुतेक एसपीडी पेडलांवर स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या जोडीवर असे चार स्क्रू असतात. चारही आधी पूर्ण सैल करा आणि मग लागेल तेवढे सारख्या टिकटिकींनी घट्ट करा. शिकताना ताण सगळ्यात कमी ठेवावा. घट्ट स्प्रिंग ही प्रौढीची गोष्ट नाही. तिची गरज शर्यतीत उसळी मारताना पाय निसटू नये म्हणून असते.

शिमानोच्या एसपीडी क्लीटचे दोन प्रकार लक्षात ठेवा. एसएच-५१ फक्त टाच बाजूला वळवून सुटते. एसएच-५६ अनेक दिशांनी सुटते, घाबरून पाय जोरात वर ओढला तरीही. शहरात शिकणाऱ्याने ५६ पासून सुरुवात करावी आणि सवय झाल्यावर हवं तर ५१ वर यावं. चढावर उभं राहून जोर लावताना ५६ अनपेक्षितपणे सुटू शकते, एवढं ध्यानात असू द्या.

अडकलेल्या अवस्थेत न सुटता टाच जेवढी इकडे-तिकडे हलते, त्या मोकळीकीला फ्लोट म्हणतात. पाय खाली-वर होताना पोटरीचं हाड किंचित फिरतं. ते फिरायला जागा मिळाली नाही तर भार गुडघ्यावर येतो. म्हणून सुरुवातीला शून्य फ्लोटची क्लीट घेऊ नका. तीन भोकांच्या क्लीटमध्ये फ्लोट रंगावरून ओळखतात, पण दोन कंपन्यांचे रंग जुळत नाहीत. शिमानोची लाल क्लीट शून्य अंशांची, निळी २ अंशांची आणि पिवळी ६ अंशांची. लुक कियोमध्ये काळी शून्य, करडी साडेचार आणि लाल ९ अंशांची. लाल क्लीट मागताना कोणाची ते सांगितलं नाही तर सगळ्यात मोकळीच्या जागी सगळ्यात जखडलेली क्लीट घरी येऊ शकते.

बसवणं

पेडलचे आटे बहुतेक सायकलींवर ९/१६ इंचाचे असतात, म्हणून जुन्या चांगल्या सायकलवरही नवं पेडल बसतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, कारण पेडल मारताना अक्षावर येणारा दाब फिरत राहतो आणि सरळ आट्यांचं डावं पेडल हळूहळू सैल होत जातं. विमान बनवण्याआधी सायकली विकणाऱ्या राइट बंधूंनी १९०० मध्ये आपलं पेडल आपोआप सुटत नाही असं जाहीर केलं होतं. लक्षात ठेवायला एक नियम पुरे: दोन्ही पेडलं सायकलच्या पुढच्या दिशेला फिरवली की घट्ट होतात. आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका. पावसाळ्यानंतर पेडल क्रँकमध्ये गंजून अडकलं तर ते काढणं मेकॅनिकलाही जड जातं.

क्लीट चवड्याच्या उंचवट्याखाली, म्हणजे अंगठ्याच्या मागच्या सांध्याच्या जरा मागे ठेवून सुरुवात करा. खुर्चीवर बसून पाय मोकळे सोडा. पावलं आपोआप ज्या दिशेला वळतात, तीच दिशा क्लीटला द्या. मग दोन-चार राइडनंतर एका वेळी एक-दोन मिलिमीटरच बदल करा. स्क्रूंना ग्रीस लावा, पुरेसे घट्ट करा आणि पहिल्या राइडनंतर पुन्हा तपासा. क्लीटचा एक स्क्रू सैल झाला की टाच वळते पण क्लीट जागच्या जागी फिरते आणि पाय सुटतच नाही. गुडघ्याचं दुखणं आठवडाभरात थांबलं नाही तर अंगावर काढू नका. बाइक फिटिंग करणाऱ्याला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

जुनी पेडलं घ्यायलाही हरकत नाही. अक्ष हाताने हलवून पाहा, खडखड नको. जबड्याच्या कडा झिजून चकचकीत आणि धारदार झालेल्या नसाव्यात. क्लीट मात्र नेहमी नवीच घ्या. पावसाळ्यात राइडनंतर जबड्यातला चिखल जुन्या टूथब्रशने काढून स्प्रिंगवर तेलाचा थेंब सोडला तर साधं पेडल वर्षानुवर्षं चालतं.

रस्त्यावर उतरण्यापूर्वी

भिंतीला हात टेकवून उभ्या सायकलवर प्रत्येक पाय अडकवण्या-सोडवण्याचा सराव करा, विचार न करता जमेपर्यंत. मग सोसायटीच्या मोकळ्या जागेत किंवा मैदानात हळू चालवत करा. शिकणारे पडतात ते बहुधा वेगात नाही, थांबताना पडतात. म्हणून थांबण्याच्या बरंच आधी, सायकल चालत असतानाच पाय सोडवायची सवय लावा. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने चालते आणि फुटपाथ डावीकडे असतो, म्हणून डावा पाय आधी सोडवावा आणि शरीराचा भार त्याच बाजूला ठेवावा. पुढे रिक्षा रेंगाळताना दिसली, बस थांब्यावर वळू लागली, चौकात घोळका दिसला, की डावा पाय मोकळा. तो मोकळाच पेडलवर ठेवूनही काही मीटर जाता येतं.

कोणाला विचारायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: खाचेत क्लीट बसणारा, बेताचा कडक, दोन भोकांचा बूट, दोन्ही बाजूंनी अडकणारं साधं एसपीडी पेडल, एसएच-५६ क्लीट आणि सैल स्प्रिंग. एवढ्यावर शहरातला रोजचा प्रवास, रविवारचा घाट आणि दोनशे किलोमीटरची पहिली राइड, तिन्ही होतात. पुढे कधी शर्यतीत उतरावंसं वाटलं तर तीन भोकांकडे वळता येईल, आणि तेव्हा आपल्याला काय हवं आहे हे तुमच्या पायांना माहीत झालेलं असेल. तोवर वाचलेल्या पैशांतून चांगले टायर घ्या, दिवे घ्या आणि हेल्मेट घ्या. रस्त्यावरच्या सायकलस्वाराला त्यांचा उपयोग ७० ग्रॅमपेक्षा खूप जास्त आहे.